सीमाप्रश्नाची मोजणी कोण करणार?

परीक्षांचे निकाल लागले की सीमाभागातील मराठी घराघरांतून एकच बोलणे ऐकू येते. मुलाला गुण चांगले पडले असतील तर तो अभियंता व्हावयाचा, त्याहून अधिक पडले असतील तर डॉक्टर व्हावयाचा, आणि गुण बेताचे असतील तर बाप खाली मान घालून शेजाऱ्यास सांगतो, "काय करणार, आर्ट्सला घातला आहे." या "घातला आहे"मध्ये जी हताशपणाची छटा आहे, तिच्याविषयी आज आम्हास लिहावयाचे आहे. ज्या प्रश्नासाठी सीमावासीयांनी १९५६ पासून लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले आणि रक्त सांडले, त्या प्रश्नाची सर्व हत्यारे त्याच आर्ट्सच्या वर्गांत, सामाजिक शास्त्रांच्या विभागांत, घडविली जातात. आणि तेथेच आमची मुले नाइलाज म्हणून जातात, ही गोष्ट आम्हास चळवळीच्या दृष्टीने घातक वाटते.

हे विभाग म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, भूगोल, मानसशास्त्र अशी त्यांची नावे. नावे जड आहेत, पण प्रत्येकाचा प्रश्न आमच्या दारातला आहे. निपाणीच्या तंबाखूचा भाव कोण ठरवितो आणि वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर राबणाऱ्या विणकराच्या हाती आठवड्याअखेर काय उरते, हे अर्थशास्त्र विचारते. मतदारसंघाची रेषा कोठून कोठे ओढली गेली आणि अल्पसंख्याकांना दिलेली हमी कचेरीच्या फलकापर्यंत पोहोचली की नाही, हे राज्यशास्त्र विचारते. खानापूरच्या मुली कोठे दिल्या जातात, सुना कोठून आणल्या जातात, घरात कोणती भाषा बोलली जाते आणि बाजारात कोणती, हे समाजशास्त्र विचारते. शाळांचे जुने हजेरीपट, नगरपालिकांचे ठराव, वतनांचे कागद काय सांगतात, हे इतिहास पाहतो. गावाचा रस्ता, ओढा आणि बाजार कोणत्या दिशेस वळतो, हे भूगोल मोजतो. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी अशा ओढाताणीत लहान मुलाच्या बुद्धीचे काय होते, हे मानसशास्त्र तपासते. हे सारे प्रश्न एकत्र केले म्हणजेच सीमाप्रश्न होतो. त्याहून निराळा असा सीमाप्रश्न नाही.

आता या प्रश्नाचा निकाल आजवर कशाच्या आधारे झाला ते पाहा. तो भाषणांच्या आधारे झाला नाही, मोजणीच्या आधारे झाला; आणि मोजणी कोणत्या मापाने करावयाची यावरच सारे अवलंबून राहिले. १८८१ च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्यात कानडी बोलणारे सुमारे ६४ टक्के आणि मराठी बोलणारे सुमारे २६ टक्के होते. हा आकडा आमच्या विरोधकांच्या तोंडी नेहमी असतो आणि आम्ही तो लपवीत नाही. पण तो अख्ख्या जिल्ह्याचा आकडा आहे. पूर्वेकडील सौंदत्तीपासून पश्चिमेच्या सह्याद्रीपर्यंत पसरलेला मुलूख एकाच टोपलीत घालून सरासरी काढली, तर सह्याद्रीच्या पायथ्याची मराठी गावे त्या सरासरीत बुडणारच. जिल्हा हे माप धरले की एक उत्तर येते. तालुका धरला की दुसरे येते. गाव धरले की तिसरे येते. माप ठरविण्यापूर्वीच निम्मा निकाल लागलेला असतो.

फाजलअली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सर्वसाधारणपणे जिल्हा हेच माप धरले. परंतु त्याच आयोगाने बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका वेगळा काढला, कारण तो जवळजवळ सर्वस्वी मराठी होता. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. जिल्हा एकदा मोडता येतो हे मान्य झाले, तर तालुका का मोडता येऊ नये, आणि तालुका मोडता येत असेल तर खेड्यापर्यंत का जाऊ नये? हा प्रश्न तर्कशुद्ध आहे आणि पुढे आंध्र व मद्रास यांच्या सीमेवर तो मान्यही झाला. हरिभाऊ पाटसकरांनी तेथे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे लावली. १९५९ साली संसदेने त्याप्रमाणे कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून गावे इकडची तिकडे झाली. महाराष्ट्राने याच सूत्रांना लोकेच्छेची जोड देऊन आपली मागणी मांडली. १९६६ साली सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व जत भागांतील २४७ गावे कर्नाटकास सुचविली. बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली ८६५ गावांचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढली.

या अर्धशतकाहून मोठ्या प्रवासात आम्ही मोर्चे काढले, सत्याग्रह केले, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन केले. ते सर्व केलेच पाहिजे होते. पण न्यायासनापुढे घोषणा चालत नाही. तेथे विचारले जाते, गाव कोणते, घरे किती, भाषा कोणती, सलगता कशी, पुरावा कोठे. हे प्रश्न ज्यांना विचारता येतात आणि ज्यांची उत्तरे शिस्तीने गोळा करता येतात, अशी माणसे सामाजिक शास्त्रांच्या विभागांतून तयार होतात. आमच्या चळवळीने अशी किती माणसे तयार केली?

गतकाळाकडे पाहिले तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला या बाबतीत वाण नव्हती. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या अध्यापनाची सोय केली आणि समाजशास्त्राच्या पहिल्या अध्यापकपदी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास आणले. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे. पण शहर ही जिवंत वस्तू आहे असे मानून ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले. मराठी संस्थानिकांच्या बडोदे आणि इंदूर या नगरांवर त्यांनी १९१६ आणि १९१८ साली अहवाल लिहिले. आधी पाहणी, मग निदान, मग उपाय, हा त्यांचा क्रम होता. गल्लीबोळांतून पायी हिंडावे, विहिरी मोजाव्यात, लोकांशी बोलावे आणि नंतरच नकाशाला हात लावावा. दिल्लीत बसून नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी हा क्रम पाळला असता तर आमच्या गावांची फाळणी झाली नसती.

गेडिस यांच्या मागून १९२४ साली तो विभाग आमच्या कोकणच्या मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला आणि १९५९ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्यांच्या शिष्यपरंपरेतून भारतातील समाजशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. १९५१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला आणि नंतर १९५९ साली दिल्लीत उभारला. इरावती कर्वे याही घुर्यांच्याच विद्यार्थिनी. डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास केला. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीतींचा संगम म्हणून येतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची जी रीत आमच्या घरांतून सहज चालते, ती त्या संगमाचीच खूण. मालवणचा गुरू आणि म्हैसूरचा शिष्य एकाच विभागात बसून एकमेकांचा समाज समजून घेऊ शकले. सीमेच्या दोन्ही बाजूंस द्वेष पेरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. कानडी भाषेशी आमचे भांडण कधी नव्हते आणि आजही नाही.

पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिला आकार दिला. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची, पुणे शहराच्या जीवनाची पाहणी तिने केली. कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी प्रा. सोवनी यांच्याकडून करवून तीही तिने प्रसिद्ध केली. घरोघर जाऊन किती माणसे, काय व्यवसाय, किती मिळकत, किती कर्ज, हे विचारणारी ही कामे होत. तेच गाडगीळ संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात उतरले तेव्हा आर्थिक बाजूचा विचार भक्कम पायावर उभा राहिला. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात एकभाषी राज्याचा ठराव झाला, तो साहित्यिकांचा हुंकार होता. त्या हुंकाराला आकड्यांचा कणा देण्याचे काम असल्या माणसांनी केले. पुढे १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले आणि सदस्य-सचिव झाले गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते जे. पी. नाईक.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर! ते कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. पण १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. एका विभागाचा विद्यार्थी दुसऱ्या विभागात जाऊन बोलला आणि ते बोलणे शंभर वर्षांनंतरही अभ्यासले जाते. १९४८ साली दार आयोगापुढे महाराष्ट्र या भाषिक प्रांतासंबंधी त्यांनी निवेदन मांडले, तेव्हा क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि महसूल यांचे आकडे घेऊन हा प्रांत स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो हे त्यांनी दाखविले. आणि मुंबई महाराष्ट्राची नाही म्हणणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचे युक्तिवाद एकेक घेऊन खोडून काढले. प्राध्यापकास उत्तर द्यावयाचे तर त्याच्याच शास्त्राचे शस्त्र हाती असावे लागते, हा धडा त्या निवेदनाने दिला. आम्ही तो किती घेतला?

आता आमच्या घराकडे वळू. बेळगावची कॉलेजे पूर्वी मुंबई विद्यापीठास जोडलेली होती. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, लवकरच ते धारवाडास आले आणि आमचे विद्यार्थी धारवाडकडे पाहू लागले. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे संशोधक होते. २०१० साली बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. तेथे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास हे विभाग आहेत आणि मराठीचाही आहे. म्हणजे उत्तरेस एक, दक्षिणेस एक आणि घराशेजारी एक अशी तीन विद्यापीठे सीमावासीयांच्या पल्ल्यात आहेत. विभाग नाहीत अशी तक्रार आता करता येणार नाही. तक्रार असेल तर ती या विभागांतून सीमाभागाचा माणूस अभ्यासाचा विषय म्हणून कितीसा येतो, याची आहे.

काही दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक तरुण आमच्या कचेरीत आला. समाजशास्त्रात त्याने पदव्युत्तर परीक्षा चांगल्या तऱ्हेने दिली होती आणि आपल्या गावातील भाषाव्यवहारावर प्रबंध लिहावा असे त्याच्या मनात होते. ज्या विद्यापीठात तो गेला तेथे त्यास सांगण्यात आले, "विषय नाजूक आहे, दुसरा घ्या." तो आमच्याकडे आला तो निदान कागदपत्रे मिळतील या आशेने. आम्ही कपाटे उघडली. मोर्चांची छायाचित्रे निघाली, सभांच्या जाहिराती निघाल्या, नेत्यांच्या सत्कारांचे वृत्तांत निघाले. पण त्याच्या गावात किती घरे मराठी, मराठी शाळेचा पट दर साली किती, कोणत्या साली कोणती पाटी बदलली, याची एकही वही निघाली नाही. तो मुलगा काही बोलला नाही. नमस्कार करून निघून गेला. त्या दिवशी आम्हास जी शरम वाटली तीच या लेखाचे कारण आहे. विद्यापीठाने त्याला दार लावले हे खरे. पण आमच्या दारातूनही तो रिकाम्या हातानेच परतला.

काळ आमच्यासाठी थांबलेला नाही. १९५६ च्या जानेवारीत गोळीबार पाहिलेल्या पिढीतील थोडीच माणसे आज आहेत. त्यांच्या आठवणी शास्त्रीय रीतीने टिपून घेतल्या नाहीत तर त्या त्यांच्याबरोबर जातील. गावोगावच्या मराठी शाळांचे जुने हजेरीपट वाळवीच्या तोंडी आहेत. घराण्यांतील मोडी कागद रद्दीत जात आहेत. १९८६ च्या कानडीसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात गेलेली मुले आता वृद्ध झाली आहेत. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडविला, तेव्हा त्या शेतकऱ्यांत मराठी बोलणारे आणि कानडी बोलणारे खांद्याला खांदा लावून बसले होते. त्या आंदोलनात भाषा, जात, पीक आणि सत्ता यांचा जो गुंता होता तो सोडवावयास अर्थशास्त्र एकटे पुरणार नाही आणि राज्यशास्त्रही पुरणार नाही.

येथेच विभागांच्या भिंतींचा प्रश्न येतो. विद्यापीठांनी सोयीसाठी भिंती घातल्या, ते समजण्यासारखे आहे. एका माणसास सर्व शास्त्रे येत नाहीत. पण निपाणीची विडी वळणारी बाई एका विभागात मावत नाही. तिची मजुरी अर्थशास्त्रात जाते, तिची जात आणि नातीगोती समाजशास्त्रात जातात, तिचे मत राज्यशास्त्रात जाते, तिच्या सासूने पाहिलेला सत्याग्रह इतिहासात जातो. आणि तिच्या मुलास शाळेत जी भाषा कळत नाही ती कोणत्याच विभागात जात नाही. चार विभाग चार बाजूंनी तिच्याकडे पाहतात आणि ती मधल्या मधे हरवते. सीमाभागाचा अभ्यास करावयाचा तर चारही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकाच गावात एकत्र जाऊन बसले पाहिजे.

आमच्या पक्षातील काही मित्र म्हणतील, अशा पाहण्यांतून आमच्या विरुद्धही आकडे निघतील. निघतील! एखाद्या गावात मराठीचा टक्का घटलेला दिसेल. एखाद्या घरात आजी मराठी बोलते आणि नातवंडे कानडी किंवा इंग्रजी बोलतात असे आढळेल. आमच्याच पुढाऱ्यांची मुले मराठी शाळेत जात नाहीत असेही दिसेल. हे सत्य दडपून चळवळ बळकट होत नाही. टक्का घटला असेल तर तो स्थलांतराने घटला, शाळा बंद पडल्याने घटला, की भीतीपोटी लोकांनी मातृभाषेच्या रकान्यात दुसरे नाव लिहून दिले म्हणून घटला, हे कळले तरच उपाय करता येईल. जो आकडा आम्ही स्वतः प्रामाणिकपणे काढू, तोच परक्याच्या आकड्यास तोंड देईल. म्हणून आम्ही येथे वचन देतो की, अशी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष आम्हास प्रतिकूल असले, तरी ते याच पानावर, याच जागी छापले जातील.

तेव्हा काय केले पाहिजे? चळवळीच्या समित्यांनी प्रत्येक गावात एक वही सुरू करावी. घरे किती, घरात भाषा कोणती, मुले कोणत्या माध्यमात, रोजगार कोठे, जुने कागद कोणाकडे, एवढे त्यात असावे. कानडी, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या घरांची नोंदही तितक्याच काळजीने व्हावी, कारण निवडक मोजणी ही मोजणीच नव्हे. हे काम कसे करावयाचे ते शिकविण्यास आमच्या गावांत निवृत्त प्राध्यापक आहेत; त्यांना व्यासपीठावर शाल देण्याऐवजी त्यांच्या हाती वही द्यावी. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी सीमादिनाच्या व्याख्यानांवर न थांबता सीमाभागातील विषयांवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्त्या द्याव्यात. आणि कर्नाटकातील विद्यापीठांना आमची नम्र पण स्पष्ट विनंती आहे की, "नाजूक" हा शब्द विद्येच्या दारात उभा करू नका. ज्या विभागाला आपल्या दारातील माणूस विचारावयास भीती वाटते, त्या विभागाने बाहेरच्या जगाविषयी सांगितलेले कोण ऐकणार?

शेवटी आमचे सांगणे आईबापांना. बंधुभगिनींनो, सर्व मुलांना आर्ट्सला घाला असे आम्ही म्हणत नाही. अभियंताही हवा आणि डॉक्टरही हवा. पण तुमच्या गल्लीतील एखादी मुलगी, एखादा मुलगा जर अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकावयाचे म्हणत असेल, तर मान खाली घालू नका. शेजाऱ्यास ताठ मानेने सांगा, की आमचे लेकरू आमच्या गावाची मोजणी करावयास शिकत आहे. आणि खानापूरचा तो तरुण हे वाचत असेल तर त्याने पुन्हा एकदा आमच्या कचेरीची पायरी चढावी. आमच्या कपाटात अजून काही नाही. पण कोऱ्या वह्या आम्ही आणून ठेवल्या आहेत, आणि पहिल्या वहीवर त्याच्याच गावाचे नाव लिहिले आहे.